विशेष गरजा असलेली मुले आणि वर्गातील शिस्त

शाळातपासणीच्या वेळी वर्ग शांत दिसला, की शिस्त उत्तम असल्याचा शेरा सहज लिहिला जातो. मुले रांगेत बसलेली आहेत, विचारल्याखेरीज कोणी बोलत नाही, जागा सोडून कोणी उठत नाही, एवढे पाहिले की पाहणाऱ्याचे समाधान होते. एखादे मूल मात्र या चित्रात बसत नाही. ते मध्येच उठते, हाक मारली तरी ओ देत नाही, वाचायला सांगितले की शेजाऱ्याला चिमटा काढते, घंटा झाली की कानांवर हात ठेवून ओरडते. शिक्षकांच्या दृष्टीने ते वर्ग बिघडवणारे मूल ठरते. त्याच्या पालकांना बोलावणे जाते. पुढे केव्हातरी, कागदावर काहीही न लिहिता, ‘काही दिवस घरीच ठेवा’ असे सांगण्यात येते. पटावर नाव राहते. वर्गातील जागा रिकामी होते.

हे ‘काही दिवस’ पुष्कळदा संपतच नाहीत. म्हणूनच विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिस्तीचा प्रश्न केवळ अध्यापनकौशल्याचा राहत नाही. मूल शाळेत टिकणार की नाही, हेच त्यावर ठरते.

कायद्याची भूमिका

या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ अन्वये कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास अथवा मानसिक त्रास देण्यास मनाई असून, या तरतुदीचा भंग करणारी व्यक्ती सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरते. कलम १६ अन्वये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीमुळे पाचवी व आठवीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली. काढून टाकण्याची मनाई मात्र कायम आहे. तोंडी सांगून मुलाला घरी बसविणे हा या मनाईला दिलेला वळसाच होय.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात ते २१ झाले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यांत समावेश झाला. मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे हे शाळेचे कर्तव्य ठरविण्यात आले. लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान करून दिव्यांग व्यक्तीची मानहानी करणे हा या कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा असून त्याला ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. अतिचंचलतेचा मात्र या २१ प्रकारांत स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे केवळ त्या कारणावरून मुलाला प्रमाणपत्र मिळत नाही. प्रमाणपत्र नसले तरी त्या मुलाची वर्गातील अडचण तेवढीच खरी असते, हे शाळांनी ध्यानात ठेवलेले बरे.

तरीही कायद्याने छडी हातातून गेली, तिच्या जागी काय आले, हा शिक्षकांचा प्रश्न उरतोच, आणि तो रास्त आहे. अंगठे धरणे, उठाबशा, कोंबडा करणे, बाकावर उभे करणे हे मागील पिढ्यांच्या शाळेतील परिचित उपाय होते. ते बंद झाले. परंतु त्यांऐवजी काय करावे याचे शिक्षण मात्र प्रत्येक शिक्षकापर्यंत पोहोचले नाही. या पोकळीत टोमणे, दुर्लक्ष आणि ‘बाहेर जाऊन उभा राहा’ हे तीन उपाय शिल्लक राहिले आहेत. विशेष गरजा असलेल्या मुलाच्या बाबतीत तिन्ही निरुपयोगी ठरतात.

खोडी की अडचण?

हाक मारली असता उत्तर न देणारे मूल उद्धट असेल, असे समजण्यापूर्वी त्याला ऐकू येते काय, हे पाहावयास हवे. ग्रामीण भागात कान वाहणे हा लहान मुलांचा नेहमीचा विकार. सर्दी झाली की अशा मुलाचे ऐकणे कमी होते आणि कान कोरडा झाला की पुन्हा सुधारते. सोमवारी न ऐकणारे मूल गुरुवारी ऐकते; म्हणून ते सोंग करते असा समज होतो. एकाच कानाने ऐकणाऱ्या मुलाला तर आवाज आला हे कळते, पण तो कोठून आला हे कळत नाही. ते भलतीकडे पाहते, आणि वर्ग हसतो.

धडा चालू असता काही क्षण एकटक शून्यात पाहणारे मूल सगळ्याच शाळांत असते. बहुधा ते स्वप्नाळू असते, एवढेच. परंतु अपस्माराचा एक प्रकार असा आहे, की त्यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही. केवळ काही सेकंद त्याची शुद्ध हरपते, पापण्या किंचित फडफडतात आणि लगेच ते पूर्ववत होते. असे दिवसातून अनेकदा घडू शकते. मधले वाक्य त्याने ऐकलेलेच नसते. ‘लक्ष कुठे आहे?’ या प्रश्नाला त्याच्यापाशी खरोखरच उत्तर नसते. हा विकार औषधांनी बहुधा आटोक्यात येतो, आणि तो प्रथम लक्षात येण्याची शक्यता असते ती वर्गशिक्षकांच्याच. उलटपक्षी, अपस्मारावरील काही औषधांनी गुंगी येते. असे औषध घेणारे मूल पहिल्याच तासाला पेंगत असेल, तर पालकांना डॉक्टरांशी बोलण्यास सुचवावे; बाकावर उभे करून ती झोप जाणार नाही.

स्वमग्न मुलाचे वर्तन तर सर्वाधिक गैरसमज निर्माण करणारे. बोलताना ते नजरेला नजर देत नाही; आपल्याकडे ही गोष्ट लबाडीची खूण मानली जाते. शब्दांचा सरळ अर्थ घेण्याकडे त्याचा कल असतो. त्रासलेल्या गुरुजींनी ‘जा, मैदानातच जाऊन बस तू!’ असे म्हटले, तर ते उठून खरोखरच मैदानात जाऊन बसते. यात आज्ञाभंग कोणता? शिक्षकांच्या उपहासाचा अर्थ न कळण्याचा दोष त्याच्या पदरी बांधता येत नाही. परिपाठानंतर नेहमी गणित असते आणि आज अचानक पाहुणे आले म्हणून गाणी झाली, एवढ्यानेही त्याचा तोल जातो. त्या क्षणी त्याला रागावणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे नियम सांगणे.

वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता असलेल्या मुलांविषयी महाराष्ट्रात पुष्कळ जागृती झाली आहे. परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती देण्यास राज्याने १९९६ मध्येच प्रारंभ केला होता. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या हिंदी चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचविला. परंतु ही जागृती गुणपत्रिकेपुरती राहिली. वर्गातील दंग्याशी या अक्षमतेचा संबंध असू शकतो, हे अद्याप पुरेसे उमगलेले नाही.

शिक्षा की सुटका?

हा संबंध एका नमुन्यादाखल उदाहरणाने स्पष्ट होईल. चौथीच्या वर्गातील एक मुलगा भाषेच्या तासाला रोज खोड्या करतो, असे समजू. कधी पुढच्याची टोपी ओढतो, कधी पेन्सिल फेकतो. शिक्षिका प्रथम समज देतात, मग रागावतात, शेवटी त्याला वर्गाबाहेर उभे करतात. तास संपल्यावर तो आत येतो आणि उरलेला दिवस बरा जातो. असे महिनाभर चालते. शिक्षा नियमित होते, खोड्याही नियमित होतात.

आता याच प्रसंगाची तीन रकान्यांत नोंद केली तर? पहिल्या रकान्यात खोडीपूर्वी काय घडले, दुसऱ्यात मुलाने नेमके काय केले, तिसऱ्यात त्यानंतर काय झाले. दहा दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्या, की पहिला रकाना बोलू लागतो. प्रत्येक वेळी मुले ओळीने उठून मोठ्याने वाचत होती आणि याची पाळी दोन-तीन मुलांवर आली होती. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच मजकूर आहे: ‘बाहेर पाठविले.’ मुलाला वाचता येत नाही. चाळीस जणांसमोर अडखळून हसू करून घेण्यापेक्षा खोडकर म्हणवून घेणे त्याला परवडते. शिक्षिका जिला शिक्षा समजतात, ती त्याच्या दृष्टीने सुटका आहे. आणि ती रोज हमखास मिळत असल्यामुळे खोडीही रोज हमखास होणार.

नोंद हाती आल्यावर उपायही तिच्यातूनच निघतो. या मुलाला सर्वांसमोर अचानक वाचावयास उभे न करणे. उद्या वाचावयाच्या दोन ओळी आदल्या दिवशी सांगून ठेवणे व घरी किंवा मित्राबरोबर वाचून घेणे. प्रारंभी जोडीने वाचू देणे. आणि फारच असह्य झाले तर टेबलावर ठेवलेले लाल पुठ्ठ्याचे कार्ड उचलून दोन मिनिटे पाणी पिऊन येण्याची परवानगी देणे. शेवटची गोष्ट अनेकांना खटकेल. परंतु मुलाला सुटका हवी आहे हे कळल्यावर ती टोपी ओढून मागायची की कार्ड उचलून, एवढेच शिकवावयाचे राहते. कार्ड उचलणे ही शिस्तच आहे. पुढे वाचन सुधारले, की कार्डाचा वापर कमी होत जातो.

खोड्यांमागे हेच एक कारण असते असे नव्हे. एखाद्याला शिक्षकांचे लक्ष हवे असते, मग ते रागावून का मिळेना. एखाद्याला दुसऱ्याच्या हातातील वस्तू हवी असते पण मागता येत नाही. एखाद्याला गोंगाटच सहन होत नाही. म्हणून उपाय आधी ठरवून नोंद नंतर करण्यात अर्थ नाही. आठ-दहा दिवस कोणताही निष्कर्ष न काढता केवळ लिहीत राहणे हे शिक्षकांना अवघड वाटते खरे. नोंदीत ‘उद्धटपणा केला’ असे लिहू नये. ‘वही जमिनीवर टाकली व मान वळविली’ असे लिहावे. पहिले मत आहे, दुसरे वर्तन.

आधीची व्यवस्था

पुण्यातील कामायनी किंवा मुंबईतील जय वकील यांसारख्या जुन्या विशेष शाळांत एका वर्गात मोजकी मुले असतात. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. तेथील पद्धत येथे जशीच्या तशी आणता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांच्या प्रमाणाविषयी निर्देश दिले: प्राथमिक स्तरावर १० विशेष विद्यार्थ्यांमागे व त्यापुढील स्तरांवर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा. परंतु एका गावात असे एकच मूल असेल, तर विशेष शिक्षक फिरतीवरच येणार. रोजचे पाच-सहा तास वर्गशिक्षकांनाच निभवावे लागणार. त्यामुळे खर्च व मनुष्यबळ फारसे न लागणाऱ्या गोष्टींना येथे महत्त्व येते.

त्यांत सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे जागा. कमी ऐकणाऱ्या मुलाचा चांगला कान शिक्षकांकडे यावा आणि खिडकीचा उजेड त्यांच्या तोंडावर पडावा, अशी त्याची जागा असावी. चंचल मुलाला दार, खिडकी यांपासून दूर, भिंतीलगत बसवावे. आणि तास चालू असता उभे राहून लिहिण्यासाठी मागे एक उंच फळी किंवा जुने टेबल त्याला ठरवून द्यावे. स्वमग्न मुलाची जागा शक्यतो बदलू नये. दिवसाचा क्रम चित्रांनी काढलेला एक कागद त्याच्यापुढे असावा व बदल व्हावयाचा असल्यास त्याला तो आधी सांगावा. ‘आता दहा मिनिटांनी घंटा होईल’ ही एक सूचना पुष्कळदा पुढचा सर्व आरडाओरडा वाचविते.

सूचना लहान असावी. ‘वह्या काढा, तारीख घाला, कालचा धडा उघडा आणि शब्दार्थ लिहा’ या एका वाक्यात चार कामे आहेत; बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या हाती त्यांपैकी पहिलेच लागते. एक काम सांगावे, ते झाल्यावर दुसरे. ‘पळू नको’ असे सांगण्याऐवजी ‘हळू चाल’ असे सांगितल्यास नेमके काय करावयाचे हे त्याला कळते. आणि कौतुक करावयाचे ते कशाचे, हेही सांगावे. ‘शाब्बास’ या शब्दातून मुलाला फारसे काही कळत नाही. ‘तू पाळी येईपर्यंत थांबलास’ यातून कळते.

तारा‌बाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात, गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून कुरणशाळा काढल्या. मुलांच्या नावे गैरहजेरी लावण्याऐवजी शाळाच त्यांच्या वाटेवर नेली. विशेष मुलांच्या शिस्तीबाबतही शिक्षकांना अशीच दिशा बदलावी लागते.

कीव हीही अडचणच

याच्या दुसऱ्या टोकालाही एक चूक होते. ‘जाऊ द्या, त्याला काय कळते?’ असे म्हणून मुलाला सर्व नियमांतून सूट देण्यात येते. ते मागच्या बसकरावर दिवसभर बसते, हवे तेव्हा डबा उघडते, हवे तेव्हा बाहेर जाते. त्याचा कोणाला त्रास नसतो, म्हणून त्याच्याबद्दल तक्रारही नसते. अशा मुलाला शिक्षा होत नाही, पण त्याला शिक्षणही मिळत नाही. दहाव्या वर्षी दुसऱ्याचा डबा उचलला तर हसून सोडून दिलेले मूल अठराव्या वर्षी बाजारात तसेच वागले, तर लोक हसत नाहीत. नियम त्यालाही हवेत. ते दोन-तीनच असावेत, चित्रासह भिंतीवर असावेत, आणि रोज सारखेच पाळले जावेत.

‘त्याला एक नियम आणि आमच्या मुलाला दुसरा का?’ असे इतर पालक विचारतात. नियम एकच आहे: दुसऱ्याच्या अभ्यासात व्यत्यय आणू नये. तो कोणी बसून पाळतो, कोणी मागे उभा राहून. मुलांना ही गोष्ट पालकांपेक्षा लवकर पटते, असा पुष्कळ शिक्षकांचा अनुभव आहे. वर्गमित्रांचा मात्र एक दोष पाहावा लागतो. मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलाला चिथावणी देऊन काहीतरी करावयास लावणे आणि आपण नामानिराळे राहणे, हा काही मुलांचा खेळ असतो. पकडले जाते ते नेहमी तेच मूल. शिक्षा ठरविण्यापूर्वी पहिला रकाना येथेही वाचावा.

क्वचित प्रसंग गंभीर होतो. मूल डोके आपटते, दुसऱ्याला मारते, हाती येईल ते फेकते. त्या वेळी त्याला चारचौघांनी धरू नये. बांधणे अथवा खोलीत कोंडणे तर कदापि नाही. आधी इतर मुलांना बाजूला करावे, धोक्याच्या वस्तू उचलाव्यात, एकाच व्यक्तीने हळू आवाजात व थोडक्या शब्दांत बोलावे. मूल शांत झाल्याबरोबर उपदेश सुरू करण्याचा मोह टाळावा. घडल्या प्रसंगाची नोंद मुख्याध्यापकांच्या सहीनिशी त्याच दिवशी व्हावी आणि पालकांना शाळेकडूनच कळावी, गल्लीतून नव्हे.

गावाचा वाटा

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. घरी बसविलेल्या मुलाचे नाव तिच्या बैठकीत निघाले पाहिजे. अशा मुलांच्या हजेरीचा आढावा हा विषय कार्यसूचीवर ठेवण्यास कोणत्याही खास मंजुरीची गरज नाही. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत व दोनदा अंगणवाडीत तपासणीसाठी येते. त्या दिवशी नेमके हेच मूल गैरहजर राहते, असे होऊ नये. ते पाहणे अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायत सदस्य यांना सहज शक्य आहे. पथकाने पुढील तपासणीस जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले, तर मजुरी बुडवून जाण्याची ऐपत पालकांपाशी आहे काय, हेही विचारावे.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. अनेक शाळांत उतरता रस्ता बांधला गेला आहे, पण शौचालयाचे दार चाकाची खुर्ची आत जाणार नाही इतके अरुंद आहे आणि आत धरावयास दांडी नाही. अशा शाळेतील चालता न येणारी मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही. दुपारच्या तासाला ती चिडचिड करते, उत्तर देत नाही, आणि वहीत शेरा पडतो तो वागणुकीचा. गवंड्याच्या दोन दिवसांच्या कामाने हा शेरा पुसला जाण्यासारखा असतो.

केंद्रप्रमुख व विस्तार अधिकारी यांनीही तपासणीच्या प्रश्नांत थोडा बदल करावा. वर्गात गोंगाट किती, याबरोबरच पटावरील विशेष गरजा असलेली मुले आज कोठे बसली आहेत आणि या तासाला त्यांनी काय केले, हे विचारावे. मागच्या भिंतीशी एखादे मूल उभ्याने लिहीत असेल, तर त्याला शिक्षा झाली आहे असे गृहीत धरून शिक्षकांना बोल लावण्यापूर्वी कारण समजून घ्यावे.

एक गोष्ट मात्र दरवर्षी हटकून राहून जाते. एप्रिलपर्यंत शिक्षिकेला त्या मुलाचे सारे ठाऊक झालेले असते: कोणता आवाज चालत नाही, कोणत्या मित्राजवळ ते स्वस्थ बसते, लाल कार्ड कशासाठी. जूनमध्ये वर्ग बदलतो, कधी शिक्षिकेची बदली होते, आणि नवे शिक्षक पहिल्या दिवसापासून पुन्हा ‘बाहेर उभा राहा’ येथून प्रारंभ करतात. तीन रकान्यांची ती वही शाळा बंद होण्यापूर्वी मुख्याध्यापकांच्या कपाटात जमा व्हावी, आणि शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी नव्या वर्गशिक्षकांच्या हाती पडावी. तिच्या पहिल्या पानावर मुलाच्या आईने सांगितलेल्या चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात.